कोबीचे दोन पॉइंट

ऑफिसच्या कुठल्याही समारंभात माइक आपल्या दिशेने येतोय असं दिसलं, की काकांना नेमकी तेव्हाच तहान लागायची. ते पाणी प्यायला जायचे आणि टाळ्या वाजल्यावर परत यायचे. अशा माणसाने सॉफ्टवेअरवाल्यांच्या परिषदेत भाषण करायचं ठरवलं ते कोणाच्या आग्रहाने नाही की हौसेनेही नाही. ते केवळ सौजन्याने.

काका नोकरीला होते ती कंपनी दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर बनवायची. इतरांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या, हे काकांचं काम. स्वभावाने भिडस्त असल्यामुळे चूक सापडली की आधी काकांनाच ओशाळल्यासारखं व्हायचं. टीममध्ये सगळ्यांत वयस्कर म्हणून सगळे त्यांना काका म्हणत. टीमची प्रमुखसुद्धा. काकांना मुलगी असती तर ती तिच्याच वयाची असती.

"काका, या वर्षी परिषदेला आपल्या टीमकडून भाषणाचा एक तरी प्रस्ताव गेलाच पाहिजे," प्रमुख म्हणाली. "तुम्ही लिहा ना. हल्ली संध्याकाळी तुम्हाला वेळ..."

आणि तिने जीभ चावली. काकांची बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. पोरीचा चेहरा असा काही उतरला की तिला बरं वाटावं म्हणून काका घाईघाईने म्हणाले, "हो हो, लिहितो की! त्यात काय!"

त्यात काय, ते काकांना पुढे कळलं.

काकांच्या ऑफिसात तेव्हा 'अजाइल' नावाची कामाची पद्धत आली होती. म्हणजे असं, की एकदम मोठा बेत आखून वर्षभर त्याखाली दबून जायचं नाही. छोटी छोटी कामं घ्यायची, ती चिठ्ठ्यांवर लिहायची आणि फळ्यावर चिकटवायची. फळ्याचे तीन भाग. 'करायचंय', 'चाललंय' आणि 'झालं'. रोज सकाळी सगळ्यांनी फळ्यापुढे उभं राहून काल काय केलं, आज काय करणार आणि कुठे अडतंय ते सांगायचं. उभं अशासाठी, की पाय दुखले म्हणजे माणूस थोडक्यात बोलतो. काकांना ही पद्धत मनापासून आवडली होती. एरवी जगात कुठलंच काम 'झालं' असं कोणी लेखी देत नाही.

पण यावर लिहायचं काय? प्रमुख म्हणाली, "ऑफिसातलं सगळेच लिहितात. परीक्षक वाचून कंटाळलेत. तुमचं स्वतःचं काहीतरी लिहा."

काकांचं स्वतःचं म्हणजे घर, आणि घरात ते एकटे. तरीही, खरं सांगायचं तर, अजाइलची गरज ऑफिसपेक्षा त्या घरालाच जास्त होती.

त्याचं असं होतं, की काकांच्या संसारात बोलण्याचं खातं बायकोकडे होतं. जिन्यात कोणी भेटलं की बोलायची ती. काका मागे पिशव्या घेऊन उभे राहायचे आणि "हो ना" म्हणायचे. घरात आल्यावर ती त्यांना सगळा वृत्तान्त पुन्हा सांगायची. त्यामुळे काकांना इमारतीतल्या प्रत्येकाच्या आजाराची आणि नातेवाइकांच्या भांडणांची सविस्तर माहिती होती, फक्त कोणता आजार कोणत्या चेहऱ्याचा, हे नक्की माहीत नव्हतं. ती गेली तेव्हा काकांना वाटलं, आता या जिन्यात आपल्याला कोणी ओळखही देणार नाही.

झालं उलटंच. दारं उघडली आणि माणसं आत आली. समोरच्या घरातली दातांची डॉक्टर दवाखाना बंद करून आली की काकांकडे थोडा वेळ बसायची. बोलायची नाही. दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगून तिला बोलण्याचा कंटाळा आलेला असायचा, आणि काकांना तर बोलायचंच नसायचं. दोघं टीव्ही बंद ठेवून त्याच्याकडे बघत बसायचे. खालच्या मजल्यावरचे निवृत्त स्टेशनमास्तर एकटेच राहत. त्यांना स्वयंपाकातलं एकच येत असे, कोबी. ते कोबीचा डबा आणून द्यायचे, अगदी ठरल्या मिनिटाला. आणि दोन गल्ल्या पलीकडे राहणारी मेहुणी. ती बहिणीच्या जाण्यानंतर आठवड्यातून कितीदा तरी दोन मोठे डबे घेऊन जिना चढायची, आणि चढतानाच ओरडायची, "भाऊजी, दार उघडा, हात भरलेत!"

अडचण एवढीच, की हे सगळं एकाच दिवशी यायचं. मंगळवारी फ्रिजचं दार लागायचं नाही आणि गुरुवारी काका बिस्किटं खायचे. गॅस सिलिंडर तिघांनी नोंदवल्यामुळे एकदा तीन सिलिंडर दारात आले. कचऱ्याची पिशवी मात्र तशीच राहायची, कारण ती दुसऱ्याने नेली असेल असं प्रत्येकाला वाटायचं. काकांना हे सांगायचं होतं. त्याहून जास्त त्यांना आभार मानायचे होते. पण "तुमचे फार..." इतकं म्हणेपर्यंत समोरचा म्हणायचा, "काका, काहीतरीच काय!" आणि काका लगेच गप्प व्हायचे, कारण पुढे बोलले असते तर रडले असते.

तेव्हा काकांनी जिन्यातल्या चौकात एक पांढरा फळा टांगला.

पहिल्या सकाळच्या सभेला तिघंही आली. मास्तर खुर्ची घेऊन आले.

"मास्तर, उभं राहायचंय," काका म्हणाले.

"आयुष्यभर उभाच होतो हो. फलाटावर. आता बसून ऐकतो. इतिवृत्त कोण लिहिणार?"

"इतिवृत्त नसतं. चिठ्ठ्या असतात."

"चिठ्ठ्यांवर गाडी सोडली असती तर एक गाडी घरी पोचली नसती," मास्तर म्हणाले, पण 'मंगळवार, कोबी' अशी चिठ्ठी त्यांनी सुंदर अक्षरात लिहिली आणि स्वतः चिकटवली.

दातांच्या डॉक्टरने कचरा घेतला. मेहुणी म्हणाली, "मी गुरुवार घेते. आणि रविवार. आणि जे उरेल ते." चिठ्ठ्या लागल्या, सरकल्या, 'झालं'मध्ये जाऊन बसल्या. पंधरवड्यात काकांचं घर ऑफिसपेक्षा नीट चालू लागलं. मेहुणी येता-जाता फळ्याकडे बघून म्हणायची, "ताईने हे बघितलं असतं तर हसून हसून खाली बसली असती." काकांनाही तसंच वाटायचं. त्यांना ते हसू ऐकू यायचं म्हटलं तरी चालेल.

मग प्रस्ताव. तो काकांनी एका बैठकीत लिहिला आणि सकाळच्या सभेत वाचून दाखवला. ही त्यांची पहिली चूक.

"सुरुवात फारच कोरडी आहे," मास्तर म्हणाले. "'माननीय महोदय, सविनय सादर' असं काहीतरी पाहिजे. शिवाय आमच्या इमारतीत सत्तावीस वर्षांत गाडी... म्हणजे लिफ्ट वेळेवर आलेली नाही, हेही घाला."

"त्याचा काय संबंध?"

"तक्रार करायची संधी परत येत नाही."

दातांची डॉक्टर म्हणाली, "काका, पेशंट आत आला की मी पहिल्यांदा विचारते, कुठे दुखतंय? तुमच्या अर्जात कुठे दुखतंय तेच नाही. तो सरळ हसत आत येतो."

मेहुणीने काकांचा चांगला फोटो नाही हा मुद्दा काढला. तो दिवसभर चालला. शेवटी तिने स्वतः मोबाइलवर एक काढला. त्यात काकांच्या मागे फळा होता आणि चेहऱ्यावर चोरी पकडलेल्या माणसाचा भाव.

परिषदेचा फॉर्म कॉम्प्युटरवर भरायचा होता. त्यात 'वक्त्याची ओळख' वक्त्यानेच लिहायची, पण दुसऱ्या कोणीतरी लिहिल्यासारखी. 'ते एक अनुभवी चाचणीतज्ज्ञ आहेत' असं काकांनी स्वतःबद्दल लिहिलं आणि खोलीत कोणी नसताना लाजले. 'श्रोते सोबत काय घेऊन जातील?' या प्रश्नावर ते अडले तेव्हा मास्तर म्हणाले, "काय म्हणजे? चहा पाजा म्हणावं, तेवढ्यावर जातील." फेसबुकचं पान दिल्याशिवाय फॉर्म पुढे सरकेना. काकांचं पान नव्हतं. ते उघडलं, तर पहिल्या दहा मिनिटांत तीन अनोळखी माणसांनी त्यांच्याशी मैत्री करायची इच्छा दाखवली. त्यांना कसं नाही म्हणावं याचा विचार काका करत होते, तेवढ्यात फॉर्मची मुदत संपली आणि लिहिलेलं सगळं पुसलं गेलं. काकांनी ते पुन्हा लिहिलं. मग प्रमुखला दाखवलं. ही दुसरी चूक.

"छान आहे काका! फक्त आकडे नाहीत. परीक्षकांना आकडे आवडतात. कामांना पॉइंट द्या ना, ऑफिससारखे."

ऑफिसात प्रत्येक कामाला ते किती अवघड आहे त्याप्रमाणे पॉइंट द्यायचे. सोप्याला एक, डोकं दुखवणाऱ्याला आठ. काकांनी घरी येऊन, अत्यंत निःपक्षपातीपणे, जिन्याच्या चिठ्ठ्यांवर आकडे घातले. सिलिंडर, पाच. मेहुणीचा डबा, तीन. कचरा, एक. कोबी, दोन. संध्याकाळी येऊन बसणं याला आकडा काय द्यावा हे काकांना सुचेना. त्यात कष्ट असे काही दिसत नव्हते. त्यांनी अर्धा लिहिला. एकूण बेरीज प्रस्तावात घातली, 'जिन्याची गती दुप्पट झाली' असं वाक्य जोडलं, 'जिन्यातलं अजाइल: एक यशोगाथा' असं नाव दिलं आणि प्रस्ताव पाठवून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर फळ्यापुढे बराच वेळ उभे होते. खुर्ची आणली नव्हती.

"कोबीला दोन," ते म्हणाले.

"म्हणजे मास्तर, ते फक्त..."

"आणि तुमच्या मेहुणीबाईंच्या डब्याला तीन."

"त्यांच्या डब्यात भात पण असतो," काका म्हणाले. इतकं खरं बोलायची ती वेळ नव्हती.

"मला भात जमत नाही," मास्तर म्हणाले. "हे सगळ्यांसमोर फळ्यावर लिहायची गरज नव्हती." आणि ते खाली गेले.

दातांची डॉक्टर वाकून चिठ्ठी वाचत होती. "काका, मी येऊन बसते ते कामात धरलंत?"

"नाही नाही, म्हणून तर अर्धाच..."

"बरं," ती म्हणाली. दात काढून झाल्यावर ज्या सुरात ती पेशंटला 'झालं' म्हणत असेल, त्याच सुरात.

मेहुणी दुपारी आली. तिच्या बाजूने सगळ्यांत जास्त आकडे होते, त्यामुळे ती तरी खूश असेल अशी काकांची समजूत होती. तिने फळा वाचला, डबे खाली ठेवले आणि म्हणाली, "भाऊजी, माझ्या बहिणीचं घर आहे हे. आणि मला पॉइंट?"

बायको असती तर तिने कोपराने ढोसून काहीतरी सुचवलं असतं. मेहुणी डबे ठेवून गेली आणि रिकामे डबे न्यायला आलीच नाही.

मंगळवारी कोबी आला नाही. संध्याकाळी समोरचं दार उघडलं, बंद झालं, आणि काकांच्या दारावर टकटक झाली नाही. काका टीव्हीपुढे एकटे बसले. बंद टीव्ही एकट्याने बघणं फार अवघड असतं, हे त्यांच्या लक्षात आलं. याला आठ पॉइंट द्यायला हवे होते.

त्यांनी फळ्यावरचे आकडे पुसले. त्याने काही झालं नाही. आकडे पुसता येतात, वाचलेले कसे पुसणार? एकदा ते खाली जाऊन मास्तरांच्या दाराशी उभे राहिले, आतून कुकरची शिट्टी ऐकली, बेलवर बोट ठेवलं आणि परत आले. मेहुणीला फोन लावला तर "सगळं बरं आहे ना भाऊजी?" असं तिने इतक्या नम्रपणे विचारलं की काका घाबरले. ती त्यांच्याशी आजवर कधी नम्रपणे बोलली नव्हती.

अशात परिषदेच्या परीक्षकाचं उत्तर आलं. 'कल्पना चांगली आहे. पण यात चुकलं काय? इतकं सुरळीत काहीच नसतं. शुक्रवारपर्यंत पुन्हा लिहून पाठवा.'

काकांना राग आला. उभ्या आयुष्यात इतरांच्या चुका काढलेल्या माणसाला कोणी चूक मागावी, आणि तीही शुक्रवारपर्यंत! पण राग शांत झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की मागितलेला माल घरात भरपूर आहे. त्यांनी यशोगाथा खोडली आणि जसं मनात होतं तसं लिहिलं.

'माझी बायको गेली. त्यानंतर मी उभा राहिलो तो माझ्या जिन्यातल्या माणसांमुळे. ती न सांगता करत होती. त्यात गोंधळ होता, म्हणून मी फळा लावला. इथपर्यंत ठीक होतं. मग तुम्हाला दाखवायला आकडे हवेत म्हणून मी त्यांच्या कामाला आकडे दिले. माझ्याजवळ गप्प बसायला अर्धा. आता कोणी येत नाही. कामाची आखणी करावी, पण जो आपणहून देतो त्याचं माप काढू नये. दोन्हींतला फरक मला उशिरा कळला. श्रोत्यांनी माझी चूक घेऊन जावी, म्हणजे त्यांना स्वतःची करावी लागणार नाही.'

प्रस्ताव मंजूर झाला. परिषदेतलं पहिलं भाषण काकांचं, सकाळचं. ऑफिसात टाळ्या वाजल्या आणि या खेपेला काकांना पाणी प्यायला जाता आलं नाही. मग प्रमुख म्हणाली, "एकच आहे काका. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांची परवानगी घ्यायला लागेल हं."

परीक्षकांना लिहिणं वेगळं. मास्तरांची बेल दाबणं वेगळं. पण ती दाबली. समोरच्या दाराची दाबली. मेहुणीला म्हणाले, "फळ्यापाशी ये. काही आणू नकोस." ती आली, तोंड फुगवून, रिकाम्या हाताने. तिचे मोकळे हात काकांना बघवेनात.

काकांनी कागद काढला आणि वाचला. 'माझी बायको गेली' हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. तिघांपैकी कोणीही 'काहीतरीच काय' म्हणालं नाही. त्यामुळे त्यांना शेवटपर्यंत वाचावं लागलं. वाचून झाल्यावर कागदात नसलेलं एक वाक्य ते म्हणाले, "तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर." वर्षभर अडकलेलं ते वाक्य पूर्ण झालं आणि काका रडले. जिन्यात, भर दिवसा, उभ्याने.

मेहुणीने पदर डोळ्यांना लावला. "उपकार म्हणे," ती म्हणाली. "आणि माझं नाव कुठेच नाही त्यात. 'जिन्यातली माणसं' काय! मी जिन्यात राहते का?"

"परवानगी आहे," दातांची डॉक्टर म्हणाली. "पण 'अर्धा' ठेवा. लोक हसतील, आणि मग ऐकतील. आता कुठे दुखतंय ते कळतंय."

"सविनय सादर राहिलंच," मास्तर म्हणाले.

म्हणजे सगळं ठीक होतं. काकांच्या छातीवरचं ओझं इतकं एकदम उतरलं की ते सवयीने सभेतला शेवटचा प्रश्न विचारून बसले, "कुणाचं काही अडतंय का?"

हा प्रश्न ते फळ्यापुढे रोजच विचारत असत. उत्तरात रोज त्यांचेच सिलिंडर, त्यांचाच कचरा निघायचा. आज त्यांच्याबद्दल काहीच उरलं नव्हतं. मग मास्तर कठड्याकडे बघत म्हणाले, "माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. दोनदा पुढे ढकललं. सोबत माणूस असल्याशिवाय घेत नाहीत म्हणे."

"मग सांगितलं का नाही?" मेहुणी ओरडली.

"कुठे सांगायचं? फळ्यावर सगळं काकांचं होतं."

काकांनी फळ्याकडे पाहिलं. खरंच. इतक्या दिवसांत त्यावर दुसऱ्या कोणाच्या गरजेची एक चिठ्ठी नव्हती. इतरांच्या चुका शोधणं हा ज्यांचा व्यवसाय, त्यांच्या नजरेतून एवढी मोठी गोष्ट सुटली होती.

"मी येतो सोबत," काका म्हणाले. "कधी आहे?"

मास्तरांनी तारीख सांगितली. दातांची डॉक्टर म्हणाली, "अहो, त्या दिवशी तर काकांचं भाषण आहे."

"जाऊ दे मग," मास्तर घाईने म्हणाले. "तिसऱ्यांदा ढकलू. एका डोळ्याने बराच काळ सिग्नल बघितलेत मी."

"मी जाईन त्यांच्याबरोबर," मेहुणी म्हणाली.

"मी दवाखाना बंद ठेवते," डॉक्टर म्हणाली.

पण काकांनी फोन काढला होता. आयुष्यात एक मागणी करण्यासाठी स्वतःहून फोन लावायची ही त्यांची बहुधा पहिलीच वेळ, आणि ती तिघांच्या देखत.

"नमस्कार. पहिलं भाषण माझं आहे, जिन्याचं. ते दुपारनंतर ठेवता येईल का? नाही नाही, माझी तब्येत उत्तम आहे. घरच्यांचं ऑपरेशन आहे त्या सकाळी. हो, थांबतो." ते थांबले. तिघंही थांबली. "शेवटचं? चालेल. फार आभारी आहे."

फोन ठेवल्यावर मास्तर म्हणाले, "अहो, घरच्यांचं कशाला सांगितलंत? उद्या विचारलं कोण घरचे, तर खोटे पडाल."

"खोटं काय आहे त्यात?" मेहुणी म्हणाली.

मास्तरांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा वर केला आणि डोळे पुसले. मोतीबिंदू पिकला की असं सारखं पाणी येतं, असं त्यांनी तिघांना नीट समजावून सांगितलं. मोतीबिंदूने डोळ्यांत पाणी येत नाही, हे दातांच्या डॉक्टरला माहीत होतं. तिने फळ्यावर मास्तरांच्या नावाची चिठ्ठी चिकटवली.